घरच्या रेकॉर्डिंगमधला आवाज सुरात आणताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत माझी दहा बाय बाराची एक खोली आहे. दोन भिंतींना वाकळा टांगल्यात, खिडकीत जुनी गादी उभी केलीय आणि मधोमध एक माइक. भजनी मंडळं येतात, गणपती मंडळांची गाणी होतात, रॅप करणारी पोरं येतात, रियाज रेकॉर्ड करून गुरुजींना पाठवणाऱ्या मुली येतात. हल्ली बरेचजण घरीच गातात आणि फक्त मिक्सिंगला फाइल पाठवतात. सोबत प्रश्न येतात, आणि ते तेच तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

“दादा, जरा ऑटोट्यून लावून द्या की.” म्हणजे नेमकं काय लावायचं?

ऑटोट्यून हे एका प्लगइनचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचं नाव. कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणायचो, तसं आता सूर दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही प्लगइनला ऑटोट्यून म्हणतात. अँटारेस कंपनीनं ते १९९७ मध्ये बाजारात आणलं. बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलकंपन्यांसाठी काम करायचे. जमिनीत हादरे सोडायचे, खालून परत आलेल्या लहरी वाचायच्या आणि तेल कुठं असेल ते ताडायचं, हा त्यांचा धंदा. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. आवाजाची लहर थोडी थोडी पुढं सरकवून स्वतःशीच ताडून बघायची. जितक्या अंतरावर ती पुन्हा स्वतःशी जुळते, तेवढा तिचा एक फेरा. फेरा कळला की सूर कळला.

सूर कळल्यावर प्लगइन जवळची पट्टी बघतं आणि आवाज तिकडं ओढतं. काम एवढंच. ती पट्टी बरोबर आहे का, गायकाला तिथं जायचं होतं का, हे त्याला कळत नाही. पुढचे निम्मे प्रश्न यातूनच निघतात.

दुसरा प्रकार हातानं करायचा. मेलोडाइन हे त्यातलं सगळ्यात माहितीचं नाव, म्युनिकच्या सेलेमनी कंपनीचं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी क्युबेसमध्ये व्हेरिऑडिओ, लॉजिकमध्ये फ्लेक्स पिच, एफएल स्टुडिओत न्यूटोन हे त्याच जातीचे. इथं गायलेला प्रत्येक सूर पडद्यावर एका ठिपक्यासारखा दिसतो, आणि तुम्ही एकेक उचलून वरखाली करता. वेळ लागतो. मी बहुतेक कामं अशीच करतो.

प्लगइन ‘की’ विचारतं. मला फक्त काळी एक, पांढरी चार एवढंच माहीत आहे.

तेवढं पुरे. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. तुमचा सा ज्या पट्टीचा, ती तुमची ‘की’.

खरी अडचण पुढच्या खणात असते. तिथं मेजर (सगळे शुद्ध सूर) की मायनर विचारतात आणि लोक अंदाजानं मेजर ठोकतात. समजा चाल खमाज रागाच्या अंगाची आहे. वर जाताना शुद्ध निषाद, खाली येताना कोमल. मेजरमध्ये कोमल निषाद नसतोच. तो धैवत आणि शुद्ध निषाद यांच्या बरोबर मधे पडतो. मग प्लगइन कधी त्याला खाली ओढतं, कधी वर, आणि एकाच ओळीत निषाद दारूड्यासारखा झुलतो. गायकाला वाटतं आपलंच चुकलं. अशा वेळी बाराही सूर चालू ठेवायची ‘क्रोमॅटिक’ निवड करा, नाहीतर चालीत खरंच येतात तेवढेच सूर हातानं चालू ठेवा.

पण तेवढेच सूर ठेवण्यातही खोड आहे. भूप रागात मध्यम नाही म्हणून तो बंद केला, तर गंधारावरून पंचमावर जाणारी मींड मधल्या रस्त्यात तुटते. गळा घसरत जातो, प्लगइन उडी मारतं. मींड असलेली गाणी हातानंच करा.

तानपुऱ्यावर गायलेलं ट्यून केलं की मीटर बरोबर दाखवतं, पण कानाला टोचतं. असं का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

प्लगइनमधल्या बारा पट्ट्या सारख्या अंतरावर असतात. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. सप्तकाचे १२०० सेंट, बारा भाग, प्रत्येकी १००. कीबोर्ड, गिटार, हल्लीची बरीच हार्मोनियम याच मापात असतात. तानपुऱ्याचं तसं नाही. खर्जाची तार छेडली की तिच्या पोटातून गंधार आपोआप ऐकू येतो, आणि तो ‘सा’पासून साधारण ३८६ सेंटवर असतो, ४०० वर नाही. चांगला तयार गळा नकळत त्या गंधाराला जाऊन चिकटतो. पुरुषाचा सा काळी एक धरा, म्हणजे १३८.६ हर्ट्झ. तानपुऱ्यातला गंधार १७३.२ च्या आसपास, कीबोर्डचा १७४.६. फरक दीड हर्ट्झचाही नाही, पण मागं तानपुरा चालू असताना हा फरक लाटेसारखा हलताना ऐकू येतो. टोचतं ते हेच. शुद्ध धैवत १६ सेंटनं आणि शुद्ध निषाद १२ सेंटनं असाच खाली असतो. कोमल गंधार उलट १६ सेंटनं वर. पंचमाचा फरक मात्र दोनच सेंटचा, म्हणून पंचम ट्यून केल्यावर कुणी तक्रार करत नाही.

म्हणजे तुमचा गंधार बरोबर होता. प्लगइननं तो चढवला.

हा वाद आपल्या भागाला नवा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी सप्तकातल्या बावीस श्रुतींचं, म्हणजे बारीक सुरांचं मोजमाप करायचं ठरवलं तेव्हा किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या गळ्याचा आधार घेतला, आणि ते काम १९१० मध्ये छापलं. खाँसाहेब मिरजेतच राहिले, तिथल्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलंय, आणि त्यांच्या आठवणीत उरुसाला अजून गाणं होतं. आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमला बाहेर ठेवलं ते १९७१ पर्यंत. कारणांपैकी एक हेच, की तिच्या पट्ट्या ठरलेल्या आणि मींड निघत नाही. आज लॅपटॉपमध्ये बसलेली बारा पट्ट्यांची पेटी तोच जुना उद्योग करते, फक्त आता ती साथीला न बसता थेट गायकाच्या गळ्यात बसलीय.

मग करायचं काय? आधी बघा, मागं काय वाजतंय. कीबोर्डचे कॉर्ड, गिटार, तयार कराओके असेल तर ४०० सेंटचा गंधारच बरोबर. तिथं तानपुऱ्याचा गंधार उतरल्यासारखा वाटेल. मागं फक्त तानपुरा आणि तबला असेल तर आपोआप ओढणारं प्लगइन लावूच नका. हातानं करताना ठिपका जाळीच्या रेषेवर नेऊन बसवू नका. तानपुरा मोठा करा, डोळे मिटा आणि लाट थांबेपर्यंत सरकवा. काही प्लगइनमध्ये प्रत्येक सूर काही सेंट वरखाली ठरवता येतो. तिथं गंधाराला उणे १४ लिहिलं की अर्धं काम झालं.

तानपुरा स्वतःच लागलेला नसेल तर हे सगळं फुकट. मिरजेचा असो की मोबाइलमधला, आधी तो लावा. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं तार लागत नाही, ती लावावी लागते.

मुरक्या आणि हरकती इस्त्री केल्यासारख्या सपाट होतात.

माझ्याकडून हे झालंय, म्हणून सांगतो. सुरुवातीच्या काळात एक वयस्कर बुवा अभंग गायला आले होते. आवाज थकलेला, पण जागा सगळ्या जाग्यावर. मला वाटलं आपण उपकार करू. रात्रभर बसून एकेक ठिपका रेषेवर आणला. सकाळी बुवांनी हेडफोन लावला, अंतरा संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “अरे बाळा, माझा आवाज आहे, पण हे कोण गायलंय?” मूळ टेक, म्हणजे गाताना झालेलं रेकॉर्डिंग, अजून होता म्हणून वाचलो. तेव्हापासून मूळ ट्रॅकची प्रत म्यूट करून प्रोजेक्टमध्येच ठेवतो. तुम्हीही ठेवा.

चूक कुठं होती? मेलोडाइनसारख्या साधनात एका सुराच्या तीन गोष्टी वेगवेगळ्या हलवता येतात. एक, सुराचं मध्य, म्हणजे तो सरासरी कुठं बसलाय. दोन, वाहणं, म्हणजे लांब सूर धरताना तो हळूहळू उतरत किंवा चढत जातो ते. तीन, हालचाल, म्हणजे कंप, आंदोलन, गमक. मी तिन्ही शून्यावर आणल्या होत्या. खरं तर बहुतेक वेळा फक्त मध्य थोडं हलवायचं असतं. श्वास संपत आल्यावर सूर खाली वाहतो, तिथं वाहणं निम्म्यानं कमी करायचं. तिसऱ्या गोष्टीला हात लावायचा नाही. दरबारी रागाचा आंदोलित गंधार स्थिर केला तर उरतो तो नुसता कोमल गंधार. त्यात दरबारी कुठं राहिली?

आणखी एक. हे सॉफ्टवेअर लांब मींडेचे तुकडे पाडतं, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. दुरुस्तीआधी ते तुकडे परत जोडून एक करा. मुरकीतले बारीक ठिपके तर सोडूनच द्या. पाव सेकंदात चार सूर गेले, त्यातला एक वीस सेंट उतरला, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ज्या सुरावर ओळ थांबते तो सूर मात्र सगळ्यांना कळतो. तिथं वेळ घाला.

लावणी आणि पोवाडा यांचंही हेच. शाहिराचा आवाज वरच्या जागेवर जोर देताना थोडा चढतो, आणि त्या चढण्यातच ताकद असते. ती खाली आणली की पोवाडा सूचना वाचल्यासारखा वाटतो.

रिट्यून स्पीड किती ठेवू?

प्लगइन किती झटकन सूर ओढतं, ते हा आकडा ठरवतो. तो मिलिसेकंदांत असतो. शून्य ठेवला की आवाज पायऱ्या चढल्यासारखा, यंत्रासारखा होतो. शेर या अमेरिकन गायिकेनं १९९८ मध्ये तो मुद्दाम तसा वापरला आणि जगभर ती फॅशन झाली. रॅपवाल्या पोरांना तेच हवं असतं. त्यांना मी शून्य ते दहा देतो, बिनधास्त. भावगीताला आपोआप लावायचंच असेल तर ४० च्या पुढून सुरू करा आणि कळायला लागलं की मागं फिरा. ‘ह्यूमनाइज’ नावाचं बटण असेल तर ते लांब सुरांना सैल सोडतं; थोडं वाढवायला हरकत नाही.

प्लगइन साखळीत कुठं लावायचं?

सगळ्यात आधी. फार तर त्याच्या अलीकडं खालची घरघर कापणारा फिल्टर. कॉम्प्रेसर (आवाजाचा लहानमोठेपणा आवरणारा), ईक्यू (जाड-बारीक ठरवणारा), रिव्हर्ब (घुमारा) नंतर. रिव्हर्बमध्ये मागचा सूर अजून घुमत असतो, त्यामुळं प्लगइनला एकाच वेळी दोन सूर ऐकू येतात आणि ते गोंधळतं. त्याच्याही आधी टेक निवडायचं काम संपवा. चार टेकमधल्या चांगल्या ओळी जोडून एक करा, मग सूर बघा. चौथ्या टेकमध्ये जी ओळ नीट लागलीय, तीच पहिल्या टेकमध्ये दुरुस्त करत बसणारे लोक मी बघितलेत. एकेकाळी मीही त्यातलाच.

मधेच आवाज किरकिरतो, एखादं अक्षर उडी मारतं.

तीन कारणं शोधा.

पहिलं, स, श, च, फ. या अक्षरांना सूरच नसतो, नुसती हवा असते. प्लगइन त्यातही सूर शोधतं आणि भलतीकडं ओढतं. हातानं करताना व्यंजन स्वरापासून कापून वेगळं करा आणि त्याला जागेवरच राहू द्या. दुसरं, खर्जातला खरखरीत आवाज. तिथं प्लगइन कधी कधी एक सप्तक चुकतं. आवाज पुरुषाचा की बाईचा, हे सांगायचा पर्याय असेल तर आधी तो बरोबर करा.

तिसरं आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त आढळणारं : माइकमध्ये दुसरंच काही शिरलंय. हेडफोनमधून बाहेर येणारा कराओके, शेजारचा मिक्सर, पंखा, इन्व्हर्टरची ५० हर्ट्झची गुणगुण. जून-जुलैत पत्र्यावरचा पाऊस. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, पंखा पाच मिनिटं बंद ठेवा. एप्रिल-मेच्या सांगलीत पंखा बंद करा म्हणणं क्रूर आहे, मला माहिती आहे. पहाटे गा.

सगळं गाणंच दीड सुरानं उतरलंय आणि संथही झालंय. गळा बिघडला का?

गळा ठीक आहे. रेकॉर्डिंगचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो दर, ४८ किलोहर्ट्झ होता आणि प्रोजेक्टनं ते ४४.१ समजून वाजवलं. अशा वेळी सूर जवळपास दीड पट्टी, म्हणजे १४७ सेंट उतरतो आणि गाणं रेंगाळतं. मोबाइलवर गाऊन लॅपटॉपमध्ये आणणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. ट्यूनिंगनं दुरुस्त करू नका. फाइल पुन्हा आणा आणि दर जुळवा.

गाणं संथ झालं नाही, पण सगळेच सूर सारख्याच दहा-वीस सेंटनं हललेले दिसतात, तेव्हा कारण वेगळं. मागचा कराओके किंवा घरची पेटीच ४४० हर्ट्झच्या ए वर, म्हणजे नेहमीच्या पांढरी सहाच्या मापावर नाही. जुन्या टेपवरून उतरवलेल्या कराओकेत हे नेहमीचं. पेटीचा ए ४४३ असला तर ती १२ सेंट वर असते. प्लगइनमध्ये मूळ सूर बदलायचा एक आकडा असतो, तो पेटीला जुळवा. नाहीतर प्लगइन तुम्हाला तुमच्याच पेटीविरुद्ध गायला लावेल.

आमचं भजन पाच जणांनी एकाच माइकवर गायलंय. त्यातला एकजण कणसूर आहे.

त्याला दोन पावलं मागं उभा करा आणि पुन्हा गा.

कोरसचे आवाज?

त्यांना घट्ट ट्यून करायला हरकत नाही, मुख्य आवाज सैल राहू द्या. मागचे आवाज रेषेवर असले की पुढच्या गायकाला मोकळेपणा मिळतो. एकच गायक दोनदा गाऊन आवाज जाड करत असेल, तर मात्र दोन्ही पूर्ण रेषेवर आणू नका. दोन्ही इतके सारखे होतात की आवाज पोकळ आणि डब्यात गायल्यासारखा वाटतो. आणि एका सुराला दीड-दोन पट्ट्यांपेक्षा जास्त हलवायची वेळ आली तर ती दुरुस्ती नव्हे, ओळ परत गायची. तेवढं ओढल्यावर माणसाचा आवाज बाहुलीचा किंवा राक्षसाचा होतो. ‘फॉर्मंट’ (आवाजाचा मूळ पोत) राखायचं बटण थोडी मदत करतं, जादू करत नाही.

पैसे न घालता काय वापरू?

रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ दिवस फुकट वापरून बघता येतं, त्यासोबत रीआट्यून (ReaTune) येतं, त्यात हातानं ओढायची सोयही आहे. जीस्नॅप आणि एमऑटोपिच ही फुकट प्लगइन आपोआप ओढणारी आहेत. मोबाइलवर बँडलॅबमध्ये ऑटोपिच आहे, रॅपला पुरेसं. चोरीची क्रॅक केलेली प्रत घेऊ नका. नीतीचं सोडा, ऐन मिक्सिंगच्या रात्री ती बंद पडते.

हेडफोन लावला की मी नेहमीच उतरतो. नुसतं गायलो तर सुरात असतो.

हेडफोनमध्ये संगीत फार मोठं ठेवता, म्हणून स्वतःला ऐकू येत नाही. एक कान उघडा ठेवा; गवई कानाशी हात नेतात ते उगाच नाही. संगीत कमी करा, त्यात तानपुरा किंवा नुसता सा थोडा वाढवा. ढोलाचा दणका आवडतो, पण त्यावर सूर सापडत नाही. आणि गाताना स्वतःचा आवाज ट्यून होऊन कानात येईल अशी सोय करू नका, रॅप सोडून. चूक ऐकूच आली नाही तर गळा ती सुधारणार कशी? एवढं पाळलं तर माझं निम्मं काम कमी होतं. हे लिहून मी स्वतःच्या पोटावर पाय देतोय, पण असो.

ही फसवणूक नाही का?

स्पर्धेला किंवा गुरुजींना पाठवायचं रेकॉर्डिंग असेल तर हो, आहे. तसं काम मी करत नाही, आणि मुलींचे आईवडील कितीही गोड बोलले तरी करत नाही. तिथं गळाच तपासायचा असतो. बाकी गाण्यांना चार टेक जोडणं, रिव्हर्ब लावणं हेही खोटंच म्हणावं लागेल. एका चांगल्या टेकमध्ये शेवटचा षड्ज दहा सेंट उतरला म्हणून जीव ओतून गायलेली ओळ फेकून देणं मला जास्त चुकीचं वाटतं.

फाइल कशी पाठवू?

वेव फाइल, २४ बिट, रिव्हर्ब न लावता, गाण्याच्या शून्य सेकंदापासून. कराओके वेगळा. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज करून पाठवू नका, तिथं आवाजाचा चोथा होतो. ड्राइव्हची लिंक द्या. प्लगइन आधीच लावून, वर पुन्हा “थोडं बघा” म्हणून पाठवू नका, कारण दुरुस्तीवर दुरुस्ती होत नाही. सोबत तुमचा सा कुठला ते लिहा. “नॉर्मल पट्टी” असं लिहू नका.